साकवापलीकडचा दवाखाना

एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला इनाम लावले होते. मालवण, देवगड, वेंगुर्ला हा आज सिंधुदुर्गात मोडणारा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. इनामाच्या त्या मोहिमेत सहा वर्षे दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. आकडा वाचून पहिले नवल वाटते ते सापांच्या सुळसुळाटाचे. पण त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. कातळाच्या रंगात मिसळून जाणारे, वीतदीडवीत लांबीचे ते जनावर माणसे सड्यावरून, गडग्याच्या दगडांखालून शोधून मारत होती, कोणीतरी ती मोजून घेत होते, हिशोब लिहून पैसे हातावर ठेवत होते. म्हणजे सरकारचा हात त्या काळीही वाडीवाडीपर्यंत पोचत होता. मेलेल्या फुरशापर्यंत तो पोचला. फुरसे चावलेल्या माणसापर्यंत पोचायला मात्र पुढची शंभर वर्षेही अपुरी पडली. तेव्हा सर्पविषावर औषधच नव्हते, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी प्रतिविष सिद्ध केले ते १८९० च्या दशकाच्या मध्यावर. तरीही औषध निघाल्यानंतर ते वाडीपर्यंत का आले नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. या लेखाचा विषय तोच आहे.

सिंधुदुर्गात रानात, समुद्रावर, माडावर किंवा चिरेखाणीत जायबंदी झालेल्या माणसाचा इतिहास साधारणपणे अडचणींचा इतिहास म्हणून सांगितला जातो: डोंगर, खाड्या, पाऊस, गरिबी, आणि मग हळूहळू झालेली प्रगती. मला ही मांडणी अपुरी वाटते. गेल्या दोनशे वर्षांत या मुलखात वाटा पुष्कळ झाल्या, पण त्यांतली प्रत्येक वाट दुसऱ्याच कामासाठी झाली आणि ती बाहेर जाणारी होती. जखमी माणूस त्या वाटेवरचा आगंतुक उतारू होता. उपचार गावाकडे येण्याऐवजी जखमीने उपचाराकडे जायचे, ही रीत भूगोलाने लादलेली नाही. ती कारभाराने पाडली, आणि नंतर इतकी अंगवळणी पडली की आपण तिलाच भूगोल म्हणू लागलो.

भूगोलाचे देणे मात्र आधी चुकते करायला हवे. नकाशावर हा जिल्हा लहान दिसतो: ५,२०७ चौरस किलोमीटर क्षेत्र, १२१ किलोमीटर किनारा, एका बाजूला सह्याद्रीचा कडा. पण किनाऱ्याला समांतर चालू लागले की दर काही कोसांवर खाडी आडवी येते: वाघोटण, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल. कडा आणि किनारा यांच्यामध्ये सडे, त्यांच्या कुशीत खोल उतरलेल्या वाड्या, आणि वाडीवाडीच्या मध्ये व्हाळ. उन्हाळ्यात व्हाळातून कोरड्या पायाने जाता येते. जुलैत तोच व्हाळ छातीएवढा वाहतो आणि त्यावर पोफळीच्या किंवा माडाच्या खोडांचा साकव असतो, असला तर. कोकणी माणसाने म्हणूनच अंतर कधी नुसत्या कोसांत मोजले नाही. ‘पावसात जमूचा नाय’ हेसुद्धा इथे अंतराचेच माप होते.

अशा मुलखात जखमी माणसाला हलवण्याचे साधन म्हणजे डोली. जाड घोंगडे किंवा गोधडी, तिची दोन्ही टोके एका मजबूत बांबूला बांधलेली, मध्ये झोळीसारखा लोंबणारा माणूस, पुढे एक खांदा, मागे एक, आणि बदलीला आणखी किमान चौघे. वर इरले किंवा घोंगडीची खोळ. सपाटीवर डोली चालते तशी बरी. घाटी उतरताना पुढच्याचा खांदा खाली जातो, सगळे वजन त्याच्यावर येते आणि आतला माणूस पायांकडे घसरतो. कण्याला किंवा मांडीच्या हाडाला मार बसला असेल तर झोळीतला तो बाक त्याच्या जिवावर येतो. साकवापाशी डोली सरळ जात नाही, कारण खोडांची रुंदी एका पावलाची. तिथे एकाने पाठंगुळी घ्यायचे, दुसऱ्याने मागून धरायचे. एका जखमीमागे किमान सहा धडधाकट पुरुष लागत, आणि ज्या जिल्ह्यातले धडधाकट पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेलेले होते, तिथे ते सहा जण जमवणे हेच पहिले संकट होते. माडावरून पडलेला माणूस किती वाचण्याजोगा आहे हे त्याच्या जखमेइतकेच वाडीत त्या दिवशी किती खांदे हजर आहेत यावर ठरे.

आता वाटांकडे येऊ. १८१२ मध्ये मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पेशवाई बुडाल्यावर बेळगावला इंग्रजांची छावणी बसली आणि वेंगुर्ला हे त्या छावणीचे बंदर झाले. रामघाटाने वेंगुर्ला-बेळगाव वाट बांधून काढली गेली ती या लष्करी सामानासाठी. पुढे आंबोलीचा रस्ता झाल्यावर वाहतूक तिकडे वळली. या वाटांनी तोफा, दारूगोळा, मीठ, नारळ, धान्य यांची ने-आण केली. त्यांची दिशा पाहिली की त्यांचे काम कळते. बंदरातून त्या सरळ घाटमाथ्याला भिडतात. खाडीकाठच्या गावांना एकमेकांशी जोडण्याची गरज छावणीला नव्हती, म्हणून त्या वाटा झाल्या नाहीत. आचऱ्याच्या माणसाला मालवण गाठायला खाडी तरीने ओलांडावीच लागे, मग वेंगुर्ल्याहून बेळगावपर्यंत गाडीवाट कितीही उत्तम असो.

समुद्रावरची वाट म्हणजे आगबोट. मुंबईहून निघून विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीकडे जाणाऱ्या बोटींनी कोकणाचे आयुष्य बदलून टाकले. चाकरमानी त्यांनीच मुंबईस गेला, त्याची ट्रंक त्यांनीच परत आली. परळच्या किंवा भायखळ्याच्या मोठ्या इस्पितळात पोचलेला दक्षिण कोकणातला रुग्णही बहुधा त्यांनीच गेला असणार, कारण घाट चढून पुणे किंवा मिरज गाठण्यापेक्षा बोट सोपी होती. पण बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. लाटेवर पडाव वर येईल त्या क्षणी शिडी धरायची ही कसरत निरोगी माणसालाही धास्तीची; मोडक्या पायाच्या माणसाला वर कसे घेतले जात असेल याची कल्पना करता येते. आणि जूनच्या सुमारास बोट बंद होई ती पावसाळा सरेपर्यंत. साप जास्त चावतात ते पावसात, माणसे निसरड्यावरून पडतात ती पावसात, व्हाळ माणसे ओढून नेतात ते पावसात. आणि त्याच चार महिन्यांत मुंबईची एकमेव सोयीची वाट मिटलेली. बोट कंपनीला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. ती उतारू आणि टपाल नेण्यासाठी काढली होती, दवाखाना चालवण्यासाठी नव्हे. दोष त्या विचाराचा, ज्याने या वाटेलाच आरोग्यव्यवस्था मानले.

उपचार उलट दिशेने, म्हणजे मुलखाकडे येऊ शकतो याचा एक जुना दाखला वेंगुर्ल्यातच आहे. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे वैद्यकीय काम उभे केले आणि सेंट ल्यूक्स हॉस्पिटल हे नाव दक्षिण कोकणात घरोघरी माहीत झाले. डॉ. रॉबर्ट गोहीन यांनी तिथे दीर्घकाळ काम केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट एफ. गोहीन यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्याचाच. पुढे ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात भारतातले अमेरिकेचे राजदूत झाले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय याच मिशनच्या कामाचा घाटावरचा भाग. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता आणि त्यावर टीका झाली, ती अनाठायी नव्हती. पण आपल्या प्रश्नापुरता निष्कर्ष वेगळा निघतो: शल्यकर्म करणारा माणूस वेंगुर्ल्यासारख्या बंदरात राहू शकतो, तिथे शस्त्रक्रिया होऊ शकते, आणि ती आहे असे कळले की लोक येतात. कोकणात डॉक्टर टिकत नाही हा नियम असता तर हे घडले नसते. मात्र बंदरातल्या एका रुग्णालयाने दोडामार्गच्या रानातला किंवा देवगडच्या खाडीपलीकडचा प्रश्न सुटत नव्हता, आणि एका मिशनकडून तशी अपेक्षा करणेही गैर होते.

सर्वांत जवळचे मोठे इस्पितळ खरे तर दक्षिणेला होते. पणजीची वैद्यक शाळा पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये काढली, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्याही तीन वर्षे आधी. बांद्याच्या किंवा आरोंद्याच्या माणसाला पणजी हाकेच्या अंतरावर आणि मुंबई पाचशे किलोमीटरवर. नातीगोती, देवदेवस्की, बोली, बाजार, सगळे तेरेखोलच्या दोन्ही काठांना सारखे. तरीही मधली रेघ दुसऱ्या राज्याची होती, आणि रेघ कधी बंद होईल हे जखमी माणूस ठरवत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले तेव्हा पोर्तुगीजांनी गोळीबार केला. पत्रादेवीला पंजाबचे कर्नेलसिंग पडले, मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या, आणि त्या दिवशी गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर मिळून वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीच्या जखमींची वाट उत्तरेला, बांद्याच्या दिशेने होती. दक्षिणेला अवघ्या काही कोसांवर शतकभर जुनी वैद्यक शाळा होती आणि तिच्या वाटेवर बंदुका उभ्या होत्या. अंतर कमी असणे आणि वाट उघडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका उघड पुरावा या मुलखाच्या इतिहासात दुसरा नाही.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाले, १९६३ मध्ये त्या शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, पुढे ते बांबोळीला हलले, आणि सिंधुदुर्गात ‘बांबोळीक न्हेलो’ हे गंभीर दुखापतीचे दुसरे नावच होऊन बसले. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ इथून डोक्याला मार लागलेला माणूस तिकडेच जाई. यात गैर काही नव्हते. शेजाऱ्याचे दार जवळ असेल तर तेच ठोठावावे. पण २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, त्यावर दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, आणि २०२० च्या टाळेबंदीत सीमेवर नाकी बसली, तेव्हा जुनी गोष्ट नव्याने कळली. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या जिल्ह्याचा भार किती उचलावा, हा त्यांचा प्रश्न अन्यायाचा नव्हता. अन्याय होता तो एवढाच की महाराष्ट्राने आपल्या एका जिल्ह्याची तातडीची शस्त्रक्रिया दुसऱ्या राज्याच्या सौजन्यावर सोडली होती, आणि ते इतकी वर्षे कोणाला खटकले नव्हते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. लोक डॉक्टरकडे आधी जातच नव्हते. साप चावला की मंत्र घालणारा घाडी, हाड मोडले की हाडवैद्य, देवाला कौल, रवळनाथाला गाऱ्हाणे, दवाखाना शेवटी. मग वाटेला दोष का द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे. विष उतरवण्याच्या नादात किती वेळ गेला आणि किती जीव गेले याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही, पण ते थोडे नसणार. तरी या क्रमाकडे नीट पाहिले तर तो श्रद्धेचा क्रम जितका आहे तितकाच जवळिकीचाही आहे. घाडी वाडीत, हाडवैद्य शेजारच्या गावात, दवाखाना खाडीपलीकडे. ज्याच्याकडे चालत जाता येते त्याच्याकडे माणूस आधी जातो. शिवाय अनुभवही घाडीच्या बाजूने साक्ष देत होता. फुरशाच्या प्रत्येक दंशात प्राणघातक मात्रेचे विष उतरतेच असे नाही. बिनविषारी साप चावल्याचेही प्रसंग पुष्कळ. म्हणजे काहीही न करता वाचणारे बरेच, आणि ते सगळे मंत्राच्या खात्यावर जमा. अशा वेळी लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांना दुसरा अनुभव घेण्याची संधी कोणी दिली, हे विचारणे अवघड.

ती संधी मिळाल्यावर काय होते हे कोकणातच पाहायला मिळाले. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती आणि त्यावर मोठ्या शहरांतल्या पुस्तकांकडे उत्तर नव्हते, कारण मोठ्या शहरांत तो रुग्णच जात नव्हता. बावस्करांनी खाटेशी बसून लक्षणे टिपली, मृत्यू हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरल्याने होतो हे दाखवले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त, तोंडाने घेण्याचे औषध वापरून पाहिले. गंभीर रुग्णांतले मृत्यू शंभरात तीस-चाळीसवरून अगदी थोड्यांवर आले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकांनी हे काम छापले. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे असे की ही गोळी ग्रामीण दवाखान्यात, विजेशिवाय, शस्त्रक्रियेशिवाय देता येते. आणि ती गुण देते असे पसरल्यावर लोक विंचू उतरवणाऱ्याकडून उठून दवाखान्याकडे येऊ लागले. श्रद्धा व्याख्यानांनी हलली नसती. ती जवळ आलेल्या औषधाने हलली.

सर्पदंशाचेही तेच. परळच्या हाफकिन संस्थेची सुरुवात १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेपासून झाली आणि पुढे तिथेच घोड्यांच्या रक्तातून नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष तयार होऊ लागले. द्रवरूपातले औषध थंड ठेवावे लागे; मग ते कोरड्या भुकटीच्या रूपात आले, तिला बर्फाच्या पेटीची तितकी गरज नाही. फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. हिरड्यांतून, जखमेतून, लघवीतून रक्त जाऊ लागते आणि माणूस बहुधा काही तासांत नव्हे, एक-दोन दिवसांत किंवा त्याहूनही उशिरा हाताबाहेर जातो. म्हणजे या मुलखातला सर्वांत जास्त भेटणारा विषारी साप माणसाला वेळ देतो. नाग आणि मण्यार तितका देत नाहीत. तरी फुरशाने दिलेला तो वेळ डोली, खाडीवरची तर आणि बोट यांत खर्ची पडत होता. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज अलीकडच्या मोठ्या अभ्यासाने मांडला, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. औषध निघून शंभर वर्षे उलटल्यानंतरचा हा आकडा आहे. इथे उणीव ज्ञानाची कमी, आणि पोचवण्याची जास्त.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विरळ वस्ती, दुर्गम जागा, थोडा पैसा, कोणतेही सरकार प्रत्येक वाडीत डॉक्टर ठेवू शकत नाही. खरे आहे. पण याहून कितीतरी विरळ मुलखाने काय केले ते पाहावे. १९१७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून आतून जबर जखमी झाला. सोबत्यांनी त्याला हॉल्स क्रीक या ठाण्यावर आणले. तिथे डॉक्टर नव्हता, पोस्टमास्तर होता. त्याने तारेने दूरच्या पर्थमधल्या डॉक्टरला गाठले आणि तारेवर येणाऱ्या सूचना वाचत चाकूने शस्त्रक्रिया केली. डॉक्टर बोट, मोटार असे करत जवळजवळ दोन आठवड्यांनी पोचला तेव्हा डार्सी नुकताच गेलेला होता. या घटनेने हललेल्या जॉन फ्लिन या पाद्र्याच्या खटपटीतून १९२८ मध्ये उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. आपल्याकडे तिचे विमानच तेवढे लक्षात राहते. पण त्या सेवेचा कणा विमान नव्हता. पुढच्याच वर्षी पायाने पॅडल मारून चालवायचा बिनतारी संच दूरच्या वस्त्यांवर पोचू लागला, आणि १९४० च्या दशकात औषधांची पेटी आली. तिच्यातली प्रत्येक बाटली क्रमांकाची. जोडीला मानवी देहाचे चित्र, त्यावरही भागाभागाला क्रमांक. ‘चार क्रमांकाला दुखते’ असे इकडून सांगायचे, ‘नऊ क्रमांकाची गोळी द्या’ असे तिकडून उत्तर. डॉक्टर प्रत्येक ठिकाणी असू शकत नाही हे मान्य करून, डॉक्टरचा पहिला अर्धा तास त्यांनी आधीच तिथे नेऊन ठेवला.

आमच्याकडे तशी यंत्रणा शक्य नव्हती का? सिंधुदुर्गाला हे विचारताना मनिऑर्डर आठवावी लागते. मुंबईतल्या चाकरमान्याचा रुपया खाडी ओलांडून, साकवावरून, पावसात, थेट म्हातारीच्या ओटीवर जाऊन अंगठा घेऊन दिला जात होता. अख्ख्या कोकणाची चूल त्यावर पेटत होती. ज्या वाडीत पोस्टमन पोचतो तिथे क्रमांक घातलेली पेटी पोचू शकली असती. ज्या शाळेत मास्तर राहतो तिथे मोडलेल्या हाताला फळी बांधायला शिकलेला एक माणूस राहू शकला असता. पाकटाची नांगी किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, त्या विषाचा जोर उष्णतेने मोडतो, हे कळायला डॉक्टरही लागत नाही. ज्याने फुरशी मोजून पैसे दिले, ज्याने मनिऑर्डर पोचवली, त्या राज्याला भूगोल आडवा येत नव्हता. आडवी आली ती मोजण्याची पद्धत. १९४६ च्या भोर समितीपासून पुढे आरोग्य केंद्रांची आखणी लोकसंख्येवर झाली: सपाटीवर ३० हजारांमागे एक प्राथमिक केंद्र, डोंगरी भागात २० हजारांमागे. कागदावर ही सवलत उदार दिसते. पण ती डोकी मोजते, खाड्या मोजत नाही. शिवाय सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. डोक्यांच्या हिशोबाने या जिल्ह्याची गरज कमी झाली. गावात उरलेली माणसे मात्र अधिक म्हातारी, आणि डोलीला खांदा द्यायला पूर्वीपेक्षा कमी.

तिसरा आक्षेप आजचा आहे. हे सारे जुने झाले. १९८१ मध्ये जिल्हा वेगळा झाला, ओरोसला जिल्हा रुग्णालय आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे धावली, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मग गाऱ्हाणे कसले? यांतली प्रत्येक गोष्ट मोलाची आहे आणि त्यामुळे माणसे वाचली आहेत, यात शंका नाही. व्हाळांवर पूल झाले, डोली बहुतेक ठिकाणी आठवणीत गेली. पण नव्या साधनांनीही जुनीच दिशा धरलेली दिसते. रुग्णवाहिकेचे काम अनेकदा एवढेच उरते की जखमीला छोट्या दवाखान्यातून मोठ्याकडे, तिथून ओरोसला, ओरोसहून बांबोळीला किंवा कोल्हापूरला न्यायचे. घाट बंद असला, जसा करूळ घाट दुरुस्तीसाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता, की ती साखळी तुटते. महाविद्यालयाची इमारत आणि रात्री दोन वाजता हजर असलेला मेंदूचा शल्यविशारद यांत जे अंतर आहे ते डांबराने भरून निघत नाही. दरम्यान १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबागच्या पाण्यात, आंबोलीच्या निसरड्या कड्यांवर बाहेरची माणसे हजारोंनी येऊ लागली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. पाहुण्याला बोलावणे आधी गेले, त्याच्यासाठीची तयारी मागून निघाली. क्रम पुन्हा तोच: वाट धंद्यासाठी, जखमी तिच्यावर आगंतुक.

मोठी रुग्णालये नकोत असा याचा अर्थ कोणी काढू नये. फुटलेल्या कवटीला औषधांची पेटी उपयोगाची नाही, आणि बांबोळी जवळ असेल तर जखमीने राज्याचा अभिमान बाळगून ओरोसलाच जावे असेही नाही. दोन्ही राज्यांनी बसून करार करावा, खर्च वाटून घ्यावा, आणि सीमेवर जखमीला थांबवू नये. पण दुखापत आणि रुग्णालय यांच्यामधला जो पहिला तास आहे तो दोनशे वर्षे कोणाच्याच हिशोबात धरला गेला नाही. तो धरायचा तर माप बदलावे लागेल. किती हजार माणसांमागे एक केंद्र, याऐवजी प्रत्येक वाडीपुढे एकच आकडा लिहावा: जुलैच्या भर पावसात, रात्री, इथून प्रतिविषाच्या पहिल्या कुपीपर्यंत किती मिनिटे लागतात. असा तक्ता करायला फार मोठे खाते लागणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात दरसाल सव्वादोन लाख फुरशी मोजणारे कारकून होते; त्यांच्या वहीत एक रकाना तेवढा कमी होता.